सराव एकच, मग टायमिंग वेगवेगळं का?

शिट्टीवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी मध्यम पल्ल्याच्या धावपटू मुलींना शिकवते, मुख्यतः ८०० आणि १५०० मीटर. एक प्रश्न मोसमभर पिच्छा सोडत नाहीये, म्हणून इथे मांडते.

गटात १७ वर्षांच्या दोघी आहेत. उंची, वजन जवळपास सारखं. सराव एकच: इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत जोरात धावणं), टेम्पो (सलग, बऱ्यापैकी वेगाची धाव) आणि एक लांब पल्ल्याची सावकाश धाव. दोघीही सराव बुडवत नाहीत. एकीचं ८०० चं टायमिंग उतरत चाललंय, दुसरीचं जिथल्या तिथे. दुसरी अंग चोरते म्हणावं तर तसंही नाही. ४०० च्या रिपीट्समध्ये, म्हणजे मध्ये विश्रांती घेत तेच अंतर सहा वेळा धावताना, तिसऱ्या धावेपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे असते. चौथीला खांदे वर चढतात, हात छातीसमोर आडवे जायला लागतात, पाचवीला ती मागे पडते. तरी सहावी सोडत नाही.

आता मोठी माणसं तिच्यासमोरच म्हणतात, "हे उपजतच असावं लागतं." तिलाही ते खरं वाटायला लागलंय. मला ते पटत नाही. पण "आणखी मेहनत कर, होईल" असं म्हणायलाही जीभ रेटत नाही, कारण मेहनतीत ती कुठेच कमी नाही. माणसामाणसांत फरक असतोच. तो नेमका कशात असतो, त्यातला किती हलवता येतो आणि प्रशिक्षकाने त्याचं करायचं काय? जाणकारांनी लिहा.

लांबपल्ला

या विषयावर सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे हेरिटेज फॅमिली स्टडी. क्लोद बुशार आणि सहकाऱ्यांनी व्यायाम न करणाऱ्या कुटुंबांना, म्हणजे आईवडील आणि मुलं दोघांनाही, २० आठवडे देखरेखीखाली सायकलिंग करायला लावलं. आधी आणि नंतर व्हीओटू मॅक्स मोजलं, म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ते. सरासरी वाढ ४०० मिलीलिटरच्या आसपास. पण सरासरीच्या आड दडलेली गोष्ट महत्त्वाची: काहींची वाढ जवळपास शून्य, तर काहींची १ लिटरच्या वर. घराघरांतला फरक एकाच घरातल्या माणसांमधल्या फरकाच्या अडीच पट होता. प्रतिसादातल्या फरकाचा ४७ टक्क्यांपर्यंतचा वाटा आनुवंशिक असावा, असा त्यांचा १९९९ चा अंदाज आहे.

म्हणजे फरक दोन प्रकारचे धरा. एक, सुरुवातीला कोण कुठे उभं आहे. दुसरा, सरावाला कुणाचं शरीर किती साथ देतं. हे दोन्ही एकाच माणसात एकत्र असतीलच असं नाही. पहिल्या दिवशी मागे असलेली मुलगी सरावाला जोरदार साथ देणारी निघू शकते. निवड चाचणी फक्त पहिला फरक दाखवते.

उंचउडी

मी स्पष्ट लिहितो, कारण खोटी आशा मला जास्त क्रूर वाटते. उपजत गोष्टींचा वाटा फार मोठा आहे.

२००७ ची ओसाकाची जागतिक स्पर्धा घ्या. एकीकडे स्वीडनचा स्तेफान होल्म. लहानपणापासून उंच उडी हेच आयुष्य, २००४ चा ऑलिंपिक विजेता. दुसरीकडे बहामाचा डॉनल्ड थॉमस, मूळचा बास्केटबॉल खेळाडू, जेमतेम दीड वर्षापूर्वी उडीकडे वळलेला. थॉमस २.३५ मीटरवर सुवर्ण घेऊन गेला, होल्म २.३३ वर चौथा. थॉमसच्या लांब, ताठ अकिलीस टेंडनबद्दल, म्हणजे टाचेमागच्या कंडरेबद्दल, खूप लिहिलं गेलंय. उडीच्या क्षणी हा टेंडन स्प्रिंगचं काम करतो.

त्याहून ठळक उदाहरण फिनलंडच्या ईरो मँतिरांताचं. १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १५ आणि ३० किलोमीटर स्कीइंगची दोन सुवर्णं. पुढे १९९० च्या दशकात त्याच्या कुटुंबाचा अभ्यास झाला, तेव्हा एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाच्या रिसेप्टरच्या जनुकात बदल सापडला. त्यामुळे रक्तात लाल पेशी आणि हिमोग्लोबिन जन्मापासूनच भरपूर. इतर लोक हे गुपचूप इंजेक्शनने मिळवतात आणि बंदी ओढवून घेतात. अशा माणसाच्या शेजारी "मेहनत कर" हे वाक्य कितपत टिकतं?

गुगली

उंचउडी, होल्मचं उदाहरण तुम्ही अर्धंच दिलंत. त्याची उंची १.८१ मीटर, उंच उडीत ठेंगणाच म्हणायचा. तरी तो २.४० मीटरवरून गेलेला आहे. आणि थॉमसला ओसाकानंतर जागतिक किंवा ऑलिंपिक पदक परत मिळालं नाही. त्या एका दिवसाच्या निकालावरून मेहनतीचं मोल ठरवू नका.

उंचउडी

मान्य. पण १.८१ च्या होल्मकडेही काहीतरी असाधारण उपजत असणारच, हेही माना. सरावाचा वाटा मोजणारा ब्रूक मॅकनमारा यांचा २०१६ चा एकत्रित अभ्यास आहे. सगळे खेळाडू धरले तर कामगिरीतल्या फरकापैकी १८ टक्के सरावाच्या तासांशी जोडता आला. फक्त अव्वल खेळाडू घेतले तर १ टक्का.

आकडेमोड

त्या १ टक्क्याचा अर्थ नीट घ्यायला हवा, नाहीतर नवखी मुलं तो वाचून सराव सोडतील. अव्वल पातळीवर सगळेच प्रचंड सराव करतात. सगळ्यांकडे जे जवळपास सारखं आहे, त्याने फरक समजावता येत नाही. उंचीचंही तसंच. फक्त उंच खेळाडूंचा संघ घेतला तर त्यांच्यातलं डावंउजवं उंचीवरून कळणार नाही, म्हणून उंची बिनकामाची ठरत नाही. शिवाय उरलेले ८२ टक्के म्हणजे जनुकं, असंही त्या अभ्यासात कुठे म्हटलेलं नाही. त्यात सरावाचा दर्जा, दुखापती, झोप, मन, प्रशिक्षक, नशीब आणि मोजमापातल्या चुका, सगळं आलं.

हेरिटेजबद्दलही एक सावधगिरी. एकाच माणसाची एकच चाचणी दोन वेगळ्या दिवशी घेतली तरी आकडा हलतो. त्यामुळे "हिच्यावर सरावाचा परिणामच होत नाही" हा निष्कर्ष एका जोडीवरून, म्हणजे आधीचा एक आकडा आणि नंतरचा एक आकडा यावरून, काढता येत नाही. शिट्टीवाली, तुमच्या दुसऱ्या मुलीची ८०० ची वेळ सराव न बदलता आठवड्याभरात दोनतीनदा घेतली तर किती हलते? वारा, झोप आणि सोबत कोण धावतंय एवढ्यावरच दोन सेकंद इकडेतिकडे होत असतील, तर एका सेकंदाची सुधारणा तुम्हाला दिसणारच नाही. ती झालेली असली तरी.

शिट्टीवाली

आकडेमोड, हे असं तपासलं नव्हतं. पण दोघींमधली तफावत दोन सेकंदांपेक्षा बरीच जास्त आहे, आणि प्रत्येक शर्यतीत तीच दिसते.

लांबपल्ला

मग फरक खरा धरू. तरी "हिच्यात नाहीच" इथपर्यंत उडी मारू नका. माँतेरो आणि लुंडबी यांचा २०१७ चा प्रयोग मला फार आवडतो. ७८ निरोगी माणसं, पाच गट. आठवड्याला एक, दोन, तीन, चार आणि पाच वेळा तासभर सायकलिंग, सहा आठवडे. एकदा करणाऱ्यांपैकी ६९ टक्के लोकांत काहीच सुधारणा नाही, दोनदावाल्यांत ४० टक्के, तीनदावाल्यांत २९. चार आणि पाच वेळा करणाऱ्यांत असं कुणीच उरलं नाही. मग ज्यांच्यात फरक पडला नव्हता त्यांना आठवड्याला दोन सत्रं वाढवून आणखी सहा आठवडे दिले. सगळे सुधारले. ती माणसं "प्रतिसाद न देणारी" नव्हतीच, त्यांना मात्रा कमी पडत होती.

आणि मात्रेइतकाच प्रकारही महत्त्वाचा. २०१६ मध्ये कॅनडात २१ जणांना आलटून पालटून दोन्ही सराव दिले: तीन आठवडे सावकाश लांब सायकलिंग, तीन आठवडे जीव तोडून मारलेले छोटे स्प्रिंट. एकाने फरक न पडलेल्या काहींना दुसऱ्याने पडला.

तुम्ही लिहिलंय की ती पहिल्या तीन रिपीट्सना सगळ्यांच्या पुढे असते. तिचं २०० चं किंवा ४०० चं टायमिंग गटात कुठे बसतं?

शिट्टीवाली

२०० ला ती गटात पहिली. ४०० ला कधी पहिली, कधी दुसरी.

लांबपल्ला

हेच विचारायचं होतं. ८०० मध्ये दोन जातीचे धावपटू येतात. काही ४०० कडून आलेले, अंगात वेग असलेले. काही १५०० कडून आलेले, दमावर धावणारे. अंतिम वेळ सारखी येऊ शकते, पण आतलं यंत्र वेगळं. स्नायूंमध्ये जलद आकसणाऱ्या तंतूंचं प्रमाण माणसागणिक खूप बदलतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की जलद तंतू जास्त असलेली माणसं जोरदार स्प्रिंटनंतर जास्त थकतात आणि सावरायला त्यांना कितीतरी वेळ लागतो. मंद तंतूवाले २० मिनिटांत पूर्ववत झाले. जलद तंतूवाल्यांची ताकद पाच तासांनीही पूर्ण परतली नव्हती.

तुमची मुलगी जलद तंतूवाल्यांतली असावी अशी मला दाट शंका आहे. सहा रिपीट्स आणि मधली तीच विश्रांती पहिलीला सराव वाटतो, हिला तो थकवा होऊन साचतो. हिला तीनच रिपीट्स द्या, मध्ये भरपूर विश्रांती, पण वेग पूर्ण. दमासाठीच्या धावा मात्र खरोखर सावकाश. आणि कठीण दिवसांमध्ये अंतर जास्त.

सांधेजोड

मी खेळाडूंच्या दुखापतींवर काम करते. लांबपल्लांचं म्हणणं पटतं, पण त्याआधी एक पायरी राहिली. मुलगी १७ वर्षांची, भरपूर धावते आणि सुधारत नाही, तर जनुकांचा आणि स्नायूतंतूंचा विचार करण्याआधी रक्त तपासा. फक्त हिमोग्लोबिन नको, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि पाळी सुरू असलेल्या धावपटू मुलींत हे सर्रास दिसतं. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, जास्त झालेलं लोहही घातक असतं. डॉक्टरांकडूनच ठरू दे.

दुसरं, पाळी नियमित येते का, हे तिला मोकळेपणाने विचारा. धावण्यात जेवढी ऊर्जा जाते तेवढी पोटात जात नसेल तर शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं कमकुवत होतात, आणि कामगिरी तर अडकतेच. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून यासाठी स्वतंत्र संज्ञाच आणली आहे, रेड-एस. किती मुलींवर "दम नाही" असा शिक्का बसला आणि त्या खरं तर अर्धपोटी धावत होत्या, या विचाराने मला फार त्रास होतो.

शिट्टीवाली

सांधेजोड ताई, मनापासून आभार. फेरिटिन कधीच तपासलेलं नाही. तिच्या आईशी आजच बोलते. पाळीच्या दिवसांत सराव कमी करावा का, हाही प्रश्न नेहमी येतो. माझ्या गटात काहींना काहीच जाणवत नाही, काहींना उभं राहवत नाही.

सांधेजोड

तुम्हाला जे दिसतंय तेच अभ्यासांतही दिसतं. २०२० मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत सरासरी घट अगदीच किरकोळ निघाली, पण अभ्यासाअभ्यासांत खूप तफावत होती. म्हणून सगळ्यांसाठी एक नियम करू नका असाच सल्ला त्यांनी दिला. पॉला रॅडक्लिफने २००२ मध्ये शिकागोत २:१७:१८ चा मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला तेव्हा तिची पाळी सुरू होती आणि पोटात कळाही येत होत्या. याचा अर्थ सगळ्यांनी तसंच धावावं असा मुळीच नाही. प्रत्येकीला तीनचार महिने नोंद ठेवायला सांगा, तिचा नियम तिलाच सापडेल.

डावखुरा

वाचतोय. फार छान चर्चा. एक भर घालतो: काही फरक प्रतिस्पर्धी समोर असला तरच फायद्याचे ठरतात. जगात साधारण १० टक्के लोक डावखुरे, पण तलवारबाजी, टेबल टेनिस, क्रिकेट अशा समोरासमोरच्या खेळांत त्यांचं प्रमाण त्याहून जास्त दिसतं. जिथे समोरच्याची चाल ओळखायला वेळच नसतो तिथे तर फारच. गोल्फमध्ये तसं काही दिसत नाही. म्हणजे डाव्या हातात मुळात काही जास्त आहे असं नाही, उजव्यांना डाव्यांविरुद्ध खेळायची सवय कमी असते इतकंच.

गुगली

क्रिकेटवर आलोच आहोत तर लिहितो. लोकांना वाटतं फलंदाजाचे डोळे आणि प्रतिक्षिप्त क्रिया जन्मजात तेज असाव्या लागतात. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात येतो. पीटर मॅक्लाउड यांनी १९८७ मध्ये दाखवलं की टप्प्यानंतर चेंडू अचानक वळला तर कसलेल्या फलंदाजालाही फटका बदलायला सुमारे २०० मिलिसेकंद लागतातच, म्हणजे तुमच्याआमच्याइतकेच. फरक आधीच पडलेला असतो. चांगला फलंदाज गोलंदाजाचं मनगट आणि खांदा वाचतो आणि चेंडू पडायच्या आत नजर टप्प्याच्या जागी नेऊन ठेवतो. हे उपजत नाही, हजारो चेंडू पाहून येतं.

मन्सूर अली खान पतौडींचं उदाहरण मला नेहमी आठवतं. १९६१ च्या मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. त्याच वर्षाच्या शेवटी कसोटी पदार्पण! पुढे ४६ कसोटी आणि नाबाद २०३ ची सर्वोच्च धावसंख्या. भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात पोलिओने बारीक झालेला, त्याच हाताने त्यांनी २४२ कसोटी बळी घेतले. मुरलीधरनचं कोपर जन्मापासून पूर्ण सरळ होत नाही, बळी ८००. या तिघांना निव्वळ मोजपट्टी लावून निवडायचं असतं तर पहिल्याच फेरीत घरी पाठवलं असतं.

काठावरची आई

मी प्रशिक्षक नाही, पोहणाऱ्या मुलाची आई आहे. तो १३ वर्षांचा, चणीने लहान. त्याच्याच वयोगटातल्या काही मुलांना मिसरूड फुटलंय, खांदे रुंद झालेत. हा दरवेळी अंतिम फेरीच्या बाहेर. पुढच्या तुकडीसाठी त्याला घेतलं नाही, कारण सांगितलं "शरीरयष्टी नाही". हा फरक वयाबरोबर भरून येतो का?

सांधेजोड

ताई, पुष्कळदा येतो. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण १२ व्या वर्षी, मुलांची १४ व्या. पण हे सरासरी आकडे. १३ वर्षांच्या दोन मुलांत एकाचं शरीर ११ चं आणि दुसऱ्याचं १५ चं असू शकतं. त्यांना एका रांगेत उभं करून घड्याळ लावलं तर आपण कौशल्य मोजत नसतो, कुणाचं वयात येणं आधी झालं ते मोजत असतो. त्यात जन्ममहिन्याची भर. कॅनडातल्या आइस हॉकीत १९८० च्या दशकातच दिसलं होतं की निवडलेल्या मुलांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली जास्त, कारण वयाची मोजणी १ जानेवारीपासून. इंग्लंडच्या फुटबॉल अकादमींनी यावर उपाय म्हणून कधीकधी वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले आहेत.

त्याच्या उंचीची दर तीन महिन्यांनी नोंद ठेवा. वाढीचा झपाटा सुरू झाला की काही महिने हातपाय ऐकत नाहीत, स्ट्रोक बिघडल्यासारखा वाटतो. तेव्हा त्याला ओरडा बसू देऊ नका. आणि दुसरी तुकडी, दुसरा क्लब, काहीही करून तो पाण्यात राहील एवढं बघा. उशिरा वाढणारी मुलं हरतात ती बहुधा खेळ सोडून दिल्यामुळे.

काठावरची आई

हे त्याला वाचून दाखवणार आहे. धन्यवाद.

दीर्घश्वास

मनाचा भाग राहिलाच. शर्यतीआधी सगळ्यांना "शांत राहा" सांगायची पद्धत आहे. युरी हानिन या क्रीडामानसशास्त्रज्ञाने खेळाडूंच्या नोंदी पाहून म्हटलं की प्रत्येकाचा अस्वस्थतेचा आपला एक पट्टा असतो आणि त्या पट्ट्यात तो उत्तम खेळतो. कुणाचा खाली, कुणाचा बराच वर. ज्या मुलीला पोटात गोळा आल्याशिवाय वेग येत नाही तिला शांत करणं म्हणजे तिचं हत्यार काढून घेणं. उलट, जिचा पट्टा खाली आहे तिच्या कानाशी "आज करून दाखवायचंच" म्हणून ओरडलं तर ती पहिल्या २०० मध्येच सगळं उधळून बसेल.

शोधायची रीत सोपी आहे. शर्यतीआधी धडधड किती वाटत होती ते दहापैकी आकड्यात लिहायला सांगा, शेजारी निकाल. मोसमाच्या शेवटी चांगल्या आणि वाईट शर्यतींचे आकडे वेगळे काढा.

निशाचर

आणि वेळ! सराव सकाळी असतो का? बर्मिंगहॅममध्ये २०१५ मध्ये हॉकीपटूंवर अभ्यास झाला होता. लवकर उठणाऱ्यांची सर्वोत्तम कामगिरी दुपारच्या सुमारास, उशिरा उठणाऱ्यांची रात्री आठच्या आसपास. एकाच माणसाच्या दिवसभरातल्या कामगिरीत २६ टक्क्यांपर्यंत तफावत दिसली. मी बॅडमिंटन खेळते. सकाळच्या निवड चाचण्यांत कायम मागे, संध्याकाळच्या सामन्यांत त्याच मुलींना हरवते.

शिट्टीवाली

सराव पहाटेच असतो, निशाचर! आणि ही मुलगी वॉर्मअपला अक्षरशः डोळे मिटून धावते. ठरलं तर मग: रक्त तपासणी, रिपीट्स तीन, विश्रांती जास्त, एक सत्र संध्याकाळी आणि आठवड्याला एक सावकाश धाव जादा.

आकडेमोड

रक्त तपासणी लगेच करा, तिथे थांबायचं कारण नाही. बाकीचं सगळं एकदम बदललंत तर वेळ सुधारली तरी कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही, आणि पुढच्या मोसमात पुन्हा अंदाजच बांधावा लागेल. आधी फक्त रिपीट्स आणि विश्रांती बदला, पाचसहा आठवडे तसंच ठेवा. शेवटच्या आठवड्यात दोनतीन वेळा टायमिंग घ्या, दरवेळी त्याच वेळेला, सोबत त्याच मुली. मग सत्राची वेळ बदला.

लांबपल्ला

सहमत. सावकाश धाव सगळ्यात शेवटी वाढवा. आणि ४०० मीटरच्या एकदोन शर्यतींना नाव घाला तिचं, तिला जिंकल्याचा अनुभव मिळू दे.

सांधेजोड

+१. धाव वाढवाल तेव्हा रोज नडगीवर आतल्या कडेने बोट फिरवून बघायला सांगा. एकाच ठिकाणी दाबल्यावर कळ आली तर त्या दिवसापासून धावणं बंद, आणि तिला माझ्यासारख्या कुणाकडे तरी घेऊन जा.